पूर-भूकंपानंतर वेगवेगळ्या धर्मांचे भिक्खू, पाद्री वगैरे आधार द्यायला जातात, ते नक्की करतात काय? हा धर्मप्रचार नाही का?

बहुतेक वेळ ते गप्प बसून ऐकतात. प्रचाराची शंका रास्तच आहे, पण जिथे हे काम नीट चालतं तिथे प्रचाराला सक्त मनाई असते आणि माझ्या मते त्या मनाईमुळेच लोक त्यांना जवळ येऊ देतात. मी जपानमधल्या सेंदाई शहरात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करत होते त्यामुळे मला जपानचं थोडं जवळून माहितीये, तेच सांगते.

११ मार्च २०११ ची त्सुनामी. जवळजवळ १६ हजार माणसं गेली, अडीच हजारांच्या वर अजून सापडलेली नाहीत. जपानमध्ये जवळपास सगळ्यांचं दहनच करतात, पण तेव्हा मियागी भागात (सेंदाई त्यातच येतं) ना वीज ना इंधन, दाहिन्या अपुऱ्या, म्हणून २००० च्या वर मृतदेह तात्पुरते पुरले आणि मग काही महिन्यांनी परत उकरून दहन केलं. घरच्यांचं काय झालं असेल! त्यात कुणाचं देऊळच वाहून गेलेलं, नेहमीचे भिक्खू बेपत्ता. आपल्याकडे दहावं-तेरावं नीट झालं नाही की जिवाला रुखरुख लागते ना, तिकडे मृत्यूनंतरच्या ४९ व्या दिवसाच्या विधीचं तसंच असतं. आता ही रुखरुख घेऊन डॉक्टरकडे गेलं तर तो झोपेची गोळी देईल, पण "माझी आई आत्ता कुठे असेल" हे त्याला कसं विचारणार? भिक्खूला तरी कुठे माहीत असतं म्हणा, पण त्याला निदान विचारता येतं.

तर सेंदाईच्या स्मशानात वेगवेगळ्या पंथांचे भिक्खू आणि ख्रिश्चन पाद्री, ज्यांना हवी असेल त्यांच्यासाठी फुकट प्रार्थना करायला लागले, आणि त्यातनंच पुढे एक समुपदेशन केंद्र उभं राहिलं. त्यात पुढाकार होता डॉ. ओकाबे ताकेशी यांचा. अनेक वर्षं मरणाच्या दारातल्या पेशंटना घरी जाऊन बघणारा माणूस, तेव्हा स्वतःच कॅन्सरने आजारी होते, २०१२ मध्ये गेले.

दुसरे कानेता ताइओ, झेन भिक्खू. ४९ व्या दिवशी ते इतर भिक्खू आणि एका पाद्रीबरोबर उद्ध्वस्त किनाऱ्यावरनं चालत गेले, तर तोंडातून मंत्र फुटेनात असं त्यांनी स्वतःच सांगितलंय. मग त्यांनी 'कॅफे दे मंक' नावाचा फिरता कॅफे काढला, छावण्यांमध्ये जायचं, कॉफी, केक, मागे थेलोनिअस मंक या अमेरिकन पियानोवादकाचं जॅझ, बास. आणि टेबलावर माती. तिचे तळहातावर मावतील एवढे जिझो करायचे (जिझो म्हणजे गेलेल्या लहान मुलांना सांभाळणारा बोधिसत्त्व). हात मातीत गुंतले की माणसं आपोआप बोलायला लागतात. माझ्या लॅबमधल्या एकीच्या आजीकडे असा एक जिझो होता, नाक जरा वाकडंच झालेलं, आजी त्याला थंडीत लोकरीची टोपी घालायची.

लोक भुतांबद्दलही बोलायचे, अगदी सर्रास. कानेता भुतं असतात की नसतात या वादात पडत नाहीत, समोरच्याला दिसलं ना, मग त्याबद्दल बोलू. मला हे फार पटलं, आपण असतो तर लगेच अंधश्रद्धेवर लेक्चर दिलं असतं.

२०१२ पासून सेंदाईच्याच तोहोकू युनिव्हर्सिटीत असा आधार कसा द्यायचा याचा कोर्सच सुरू झाला, आधीपासून धर्मगुरू असलेल्यांसाठी, कुठल्याही धर्माच्या. त्यातला मला आवडलेला भाग म्हणजे पीडिताशी झालेलं बोलणं आठवून लिहून काढायचं आणि मग ग्रुपमध्ये वाचायचं, आपण कुठे मध्येच तोंड घातलं, कुठे उगाच उपदेश केला ते बाकीचे दाखवतात. प्रवचनाची सवय असलेल्या माणसाची काय अवस्था होत असेल!

आपल्याकडे? किल्लारीला १९९३ मध्ये, विसर्जनाच्या दुसऱ्याच पहाटे भूकंप झाला, एकत्र चिता पेटवाव्या लागल्या, तेव्हा असं कुणीतरी हवंच होतं. अडचण एवढीच की आपल्याकडे मदतीच्या किटवरसुद्धा देणाऱ्याचा फोटो छापलेला असतो, मग कुठल्या महाराजांचा माणूस बॅनर न लावता छावणीत बसेल? पण गावातले कीर्तनकार, मौलाना, भन्तेजी, फादर यांना पूर यायच्या आधीच एकत्र बसवून हे शिकवता येईल की. कोल्हापूर-सांगलीला २०१९ ला पाणी आलं, २०२१ ला परत आलं, सुरुवात तिथनं करायला हरकत नाही.