वाचक विचारतात : बर्फाखालचा क्रॅपी, गळापासून तव्यापर्यंत

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात तळी गोठली की बर्फाला भोक पाडून मासे गरवायचा हंगाम सुरू होतो. तिथल्या मराठी वाचकांचे यावेळचे बहुतेक प्रश्न क्रॅपी या चपट्या, काळ्या-रुपेरी ठिपक्यांच्या गोड्या पाण्यातल्या माशाबद्दल आहेत.

तळ्यावर लोक बसलेले दिसले, म्हणजे बर्फ चालण्याजोगा झाला असं समजावं का?

नाही. राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या सूचनेनुसार पायी जायला किमान ४ इंच जाडीचा स्वच्छ, कठीण बर्फ हवा. पांढरा, हिम मिसळलेला बर्फ असेल तर जाडी दुप्पट धरा. एकाच तळ्यात एका जागी ६ इंच आणि झऱ्याच्या किंवा ओहोळाच्या तोंडाशी २ इंच असू शकतात. म्हणून पुढे पाऊल टाकण्याआधी पहारीने ठोकत जा, मधूनमधून गिरमिटाने भोक पाडून जाडी मोजा. पाण्यात पडल्यास बर्फाच्या कडेला रोवून बाहेर येता यावं म्हणून दोन टोकदार टोचे गळ्यात अडकवलेले हवेत. तंबूत गॅसचा हीटर लावणार असाल तर वाऱ्याच्या झडपा उघड्या ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सोबत न्या.

सोनारवर (पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्रावर) २८ फुटांच्या डोहात मासे स्पष्ट दिसतात, पण आमिषाला तोंड लावत नाहीत. काय चुकतंय?

बहुधा आमिष माशांच्या खाली जातंय. भर हिवाळ्यात क्रॅपी खोल डोहात तळापासून वर, मधल्या पाण्यात थव्याने तरंगत राहतो आणि वरच्या बाजूचं खाद्य टिपतो. खाली गेलेल्या आमिषामागे तो क्वचितच उतरतो. सोनारवर मासे २० फुटांवर दिसत असतील तर आमिष १८ फुटांवर थांबवा. मासा त्याच्याकडे चढू लागला की आमिष अगदी सावकाश आणखी अर्धा फूट वर घ्या. तो मागे लागला, तर घेणार.

दुसरं कारण वजनाचं. मोठा जिग (वजन जोडलेला गळ) पाहून बुजलेला थवा पांगतो. टंगस्टनचा, साधारण १ ग्रॅमचा जिग पुरतो. टंगस्टन शिशापेक्षा जड असल्याने लहान आकारातही लवकर खाली पोहोचतो. त्यावर मेणकिड्याच्या एक-दोन अळ्या किंवा इंच-दीड इंचाचा जिवंत मासा लावा. मासा पाठीच्या पराखाली टोचला की तो पोहत राहतो. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा धागा, २ ते ४ पौंडांचा ताण सोसणारा घ्या. विणलेला दोरा पाणी शोषून गोठतो आणि काठीच्या कड्यांत अडकतो.

तिसरं कारण सहज लक्षात येत नाही : तंगुसाला पीळ पडून जिग स्वतःभोवती फिरत असतो. फिरणाऱ्या आमिषाला क्रॅपी जवळ येऊन, पाहून परत जातो. जिग भोकात दिसेल इतका वर घ्या, स्थिर होऊ द्या, मगच सोडा. वेळ साधायची तर सूर्यास्ताआधीचा एक तास आणि नंतरचा एक तास. दुपारी तास-तास बसण्यापेक्षा भोकं बदलत थवा शोधलेला बरा.

मासा लागतो, पण भोकापाशी येऊन सुटतो.

क्रॅपीच्या तोंडाची कड कागदासारखी पातळ असते. झटका दिला की गळ ती फाडून निघतो. इथे मनगट नुसतं वर उचलायचं आणि तंगूस एकदाही सैल न सोडता एकसारखा गुंडाळायचा. रीळचा ब्रेक सैल ठेवा. आणखी एक खूण ओळखा : क्रॅपी आमिष तोंडात घेऊन बऱ्याचदा वर येतो, त्यामुळे टोक खाली वाकत नाही, उलट तंगूस सैल पडतो. काठीच्या टोकाला मऊ स्प्रिंग लावली तर ती वर उठलेली लगेच दिसते. तिथेच उचला.

लहान मासे परत सोडून मोठे ठेवले तर चालतं ना?

उथळ पाण्यात चालतं. २५-३० फुटांवरून ओढलेल्या माशाची वायुपिशवी वर येताना फुगते, पोट ताणतं, डोळे बाहेर येतात, आणि सोडला तरी तो बहुधा मरतो. म्हणून खोल डोहावर निवड करायची नाही. जे येतील ते ठेवायचे आणि गरजेपुरते झाले की गळ गुंडाळायचा. बहुतेक तळ्यांवर माणशी १० क्रॅपींची मर्यादा आहे, काही तळ्यांवर ती कमी आहे. निघण्यापूर्वी त्या तळ्याचा नियम पाहा. खोल डोहावर ही मर्यादा गाठायचा हट्ट आम्हाला अयोग्य वाटतो.

घरी तळताना तुकडे मोडतात, आणि मालवणी वाटणात माशाची चवच लागत नाही.

दोन वेगळ्या अडचणी आहेत. मोडण्याची सुरुवात बऱ्याचदा बर्फावरच होते. मासे उघड्यावर पडून दगडासारखे गोठले, घरी वितळले आणि फ्रीजरमध्ये पुन्हा गोठले की मांस पिठूळ होतं. झाकणाच्या बादलीत थोडं हिम घालून त्यात ठेवा, म्हणजे थंड राहतात, कडक होत नाहीत.

कापायला लवचिक, ६-७ इंची पात्याची सुरी हवी. कल्ल्यामागून मणक्यापर्यंत काप द्या, सुरी आडवी करून मणक्याला चिकटून शेपटीपर्यंत न्या. मग बरगड्यांची जाळी अलगद सोडवा आणि शेवटी शेपटीकडून धरून कातडी काढा. पाठीचे काटे बोचरे असतात, मासा तिथे धरू नका. वाहतूक करताना मिनेसोटात प्रत्येक तुकडीवर खवल्यांसह एक चौरस इंच कातडी ठेवावी लागते, म्हणजे जात ओळखता येते. ती घरी काढा. मग तुकड्या मिठाच्या थंड पाण्यात अर्धा तास ठेवून पूर्ण कोरड्या पुसा.

आठ तुकड्यांना पाव चमचा हळद, एक चमचा तिखट, पाऊण चमचा मीठ, एक चमचा आगळ. १० ते १५ मिनिटंच. जास्त वेळ आंबटात राहिलं की हे नाजूक मांस सुटतं. अर्धी वाटी तांदळाच्या पिठात पाव वाटी बारीक रवा मिसळून घोळवा. तेल नीट तापल्यावरच तुकडी सोडा, दोन मिनिटं हात लावू नका, कडा सोनेरी झाल्यावर एकदाच उलटा. दुसऱ्या बाजूला दीड मिनिट पुरे.

वाटण बांगड्यासारख्या तेलकट, उग्र माशाला बेतलेलं असतं. क्रॅपी सौम्य आहे. कालवणासाठी तुकड्या न पाडता खवले काढलेला, साफ केलेला अख्खा मासा घ्या. गरम मसाला वगळा, तिरफळं दोनच, नारळाचं दूध जास्त. रस उकळून तयार झाल्यावर मासे सोडा, मंद आचेवर ६-७ मिनिटं ठेवा. डाव घालू नका, भांडं धरून हलवा.

मांसात मोहरीएवढे काळे ठिपके दिसले. टाकून द्यायचे?

गरज नाही. ते गोगलगाय आणि पाणपक्ष्यांमार्फत पसरणाऱ्या परजीवींच्या गाठी असतात. पूर्ण शिजवल्यावर त्यांपासून अपाय होत नाही. आतलं तापमान ६३ अंश सेल्सिअसला पोहोचायला हवं. ठिपके फार असतील आणि डोळ्यांना नको वाटत असेल तर तेवढा भाग कापून काढा. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुलांनी किती मासे खावेत, याचं तळ्यानुसार मार्गदर्शन राज्याचं आरोग्य खातं देतं. कारण ठिपक्यांचं नाही, पाऱ्याचं आहे.