आईच्या मॅमोग्राममध्ये ‘डेन्स ब्रेस्ट’ आलं, गाठ दिसली नाही. आता थ्रीडी सोनोग्राफी सांगितली आहे. ती केली की बायोप्सीची वेळ येणार नाही ना?

तसं आधी कुणीच सांगू शकत नाही. तरी तपासणी जरूर करून घ्या. मी रेडिओलॉजिस्ट आहे, असे स्कॅन रोज वाचते.

‘डेन्स ब्रेस्ट’ म्हणजे स्तनात दाट ऊती जास्त असणं. मॅमोग्रामवर दाट ऊती पांढऱ्या दिसतात आणि कर्करोगाची गाठही पांढरीच, त्यामुळे ती लपू शकते. सोनोग्राफीत तीच गाठ बहुधा काळसर दिसते, म्हणून उठून येते. शिवाय यात क्ष-किरण नसतात.

नेहमीच्या सोनोग्राफीत एका वेळी एकच उभा काप दिसतो, बाकीचं चित्र डॉक्टर मनात जुळवतात. थ्रीडी यंत्राचा सुमारे १५ सेंमी रुंद प्रोब, म्हणजे अंगावर टेकवून आतलं चित्र घेणारा भाग, जेल लावून स्तनावर टेकवतात आणि तो आपोआप सरकतो. एका फेरीला साधारण मिनिटभर लागतं, प्रत्येक बाजूला बहुतेक वेळा तीन फेऱ्या होतात. मग संगणक त्वचेला समांतर काप तयार करतो, समोरून पाहावं तसा. हा काप हातातल्या प्रोबने मिळत नाही, आणि मला सगळ्यात जास्त मदत त्याचीच होते. कापडात दोरा ओढला की भोवती चुण्या पडतात ना, तशा कर्करोगाच्या गाठीभोवती ऊती आत खेचल्या गेलेल्या दिसतात. फायब्रोअॅडेनोमासारखी साधी, म्हणजे कर्करोग नसलेली गाठ सहसा गुळगुळीत कडेची असते, ती ऊतींना खेचत नाही. मात्र जुन्या ऑपरेशनचा व्रणही अशाच चुण्या पाडतो. आईचं स्तनाचं काही ऑपरेशन झालं असेल तर ते आधीच सांगा, जुने रिपोर्टही सोबत न्या.

मॅमोग्राम मात्र सोडू नका. कॅल्शियमचे बारीक कण, जे काही वेळा कर्करोगाची पहिली खूण असतात, ते तिथेच नीट दिसतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१२ मध्ये या तंत्राला मान्यता दिली तीही मॅमोग्रामच्या जोडीने वापरण्यासाठीच. काखेतल्या गाठी यात पुरत्या येत नाहीत, त्या हातातल्या प्रोबने पाहाव्या लागतात. संशयास्पद काही दिसलं तर ती जागा पुन्हा त्याच प्रोबने पाहतात आणि गरज पडली तर त्याखालीच सुईने तुकडा काढतात. कर्करोग आहे की नाही, हे त्या तुकड्यावरूनच ठरतं. पुष्कळदा तो साधाच निघतो, तेव्हा बायोप्सी सांगितली म्हणून आईला घाबरू देऊ नका.

चिठ्ठीवर ‘थ्रीडी मॅमोग्राफी’ तर लिहिलेलं नाही ना, तेही पाहा. ती क्ष-किरणांची वेगळी तपासणी आहे.

आणि आईच्या हाताला गाठ लागत असेल किंवा स्तनाग्रातून रक्तासारखा स्राव येत असेल, तर थ्रीडीची तारीख मिळेपर्यंत थांबू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा आणि त्या जागेची साधी सोनोग्राफी करून घ्या.