बाळाच्या डॉक्टरांनी नवऱ्याला सिगारेट सोडायला सांगावं का?

ताई, तुमची मुलगी दीड वर्षाची. थंडी पडली की छाती घरघरते, श्वासाचा पंप सुरू होतो. नवरा 'गॅलरीतच' ओढतो. हा विषय नाशिकच्या इंदिरानगरातल्या तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे काढावा की आगाऊपणा होईल, असं विचारलंत.

काढा. बेधडक काढा. 'आम्ही मुलांचे डॉक्टर, बापाच्या सवयीत आम्ही कशाला पडायचं?' हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. पंप लिहून द्यायचा आणि घरात धूर कोण करतं ते विचारायचंही नाही, म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तिशीतला धडधाकट माणूस स्वतःसाठी दवाखान्याची पायरी चढत नाही. बाळाच्या लसीला मात्र येतो: 6, 10, 14 आठवडे, 9 महिने, मग 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान. मधली सर्दी-तापाची वारी वेगळीच. म्हणजे त्याला वरचेवर दिसणारा डॉक्टर हा एकच. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने याच हिशेबावर 'सीस' (CEASE) नावाचा कार्यक्रम उभा केला. तिथे मुलाच्या तपासणीतच पालकाला विचारतात, औषध देतात आणि पुढच्या मदतीशी जोडून देतात.

आपल्याकडे गाडी अडते ती दारातच. बाप गाडीपाशी उभा आणि सिगारेटवरचं भाषण आत आईला! तिने ते घरी नेऊन सांगितलं की त्याचं भांडण होतं, सिगारेट तशीच राहते. म्हणून त्याला आत बोलवायला लावा. केसपेपर लिहिणाऱ्या सिस्टरनेच वजन-तापाबरोबर विचारावं, 'घरात तंबाखू कोणत्या रूपात कोण घेतं?' सासूबाईंसमोर 'तुम्ही ओढता का?' म्हटलं तर खोटंच उत्तर मिळणार.

पुढची चूक निकोटीन गमची, म्हणजे सिगारेटची तलफ भागवायला तोंडात ठेवायच्या औषधी गमची. नेहमी दिसणारा नमुना सांगते. अंबडच्या कारखान्यात पाळीवर जाणारा बाप, मुलाची न्यूमोनियाची भरती बघून हादरलेला, सोडायला मनापासून तयार. 2 मिलिग्रॅमचा निकोटीन गम घेतो आणि साध्या च्युइंगमसारखा कचाकचा चघळतो. निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, जळजळ होते. वर टपरीवरचा चहा. दिवसाला दोन-तीनच गम. चौथ्या दिवशी निकाल तयार: 'गम बोगस आहे.'

गम बोगस नसतो. तो कसा घ्यायचा हे कुणी सांगितलेलं नसतं. हळू चावायचा, तोंडात झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा. झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा चार-दोनदा चावून जागा बदलायची. एक गम साधारण अर्धा तास चालतो. निकोटीन गालाच्या आतून शोषलं जातं आणि आम्लाने ते शोषण मंदावतं, म्हणून आधीची 15 मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक बंद. पहिले 6 आठवडे दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला किमान 9. त्यानंतर अंतर वाढवत 12 आठवड्यांत बंद. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर 2 मिलिग्रॅम पुरत नाही, 4 चा लागतो. 2 चा मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळतो, 4 ला चिठ्ठी लागते. ती बापाच्या नावाने लिहायला बालरोगतज्ज्ञ का कचरतात, हे मला आजवर कुणी धड सांगितलेलं नाही.

सोडायची तारीख दोन आठवड्यांच्या आतली ठरवा आणि ती मुलीच्या फाइलवर लिहून घ्या. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, झोप उडणं, सारखी भूक हे सगळं होणार, तेव्हा दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी एक फोन गेला पाहिजे. पाकिटावर छापलेला 1800-11-2356 हा नंबर फुकट आहे, समुपदेशक बोलतात.

गॅलरीत ओढल्याने धोका टळत नाही. धूर दारातून आत येतो, आणि उरलेला शर्टावर, केसांत, बोटांवर बसून मुलीपर्यंत पोहोचतो. डिसेंबरात नाशिकला खिडक्या बंदच असतात, मग तर बघायलाच नको. मात्र घरात अजून कुणी बिडी ओढत असेल तर एकट्या नवऱ्याला धरून उपयोग नाही. सिगारेट सोडून चुना-तंबाखू मळायला लागला तर ती सुटका नव्हे, मुक्काम बदलला फक्त.

हो, एक राहिलं. नुकताच हार्ट अटॅक आलेला असेल किंवा छातीत दुखत असेल, तर आधी त्याच्या स्वतःच्या डॉक्टरला विचारा, मगच गम. कवळी किंवा जबड्याचं दुखणं असेल तर निकोटीनची चोखायची गोळी किंवा त्वचेवर लावायची पट्टी बघा. आणि गम, वापरलेलासुद्धा, मुलीच्या हाती लागू देऊ नका. त्या वयात तेवढं निकोटीनही विषारी ठरतं. कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यातच टाका.