शाळा म्हणते, कुत्री चालणार नाही

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत शिकतो. त्याला ऑटिझम आहे, मेडिकल कॉलेजमधून मिळालेल्या प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व ६० टक्के आहे. आमच्याकडे शेरी नावाची लॅब्रॅडॉर कुत्री आहे. प्रशिक्षकाकडून तिला खास शिकवून घेतलंय. तो आवाजाने घाबरून कान झाकून बसला की ती त्याच्या मांडीवर अंग टाकते, आणि तो हळूहळू शांत होतो. तो अचानक पळायला निघाला की त्याच्या कमरेच्या पट्ट्याला बांधलेली ती जागीच बसते आणि त्याला थांबवते. ती जवळ असली तर ट्यूशनला तो तासभर बसतो, नाहीतर दहा मिनिटंही नाही. शाळा सीबीएसईची, विनाअनुदानित. शेरीला वर्गात येऊ द्या म्हणून अर्ज दिला, तर पत्र आलं : शाळेत प्राण्यांना परवानगी नाही, इतर पालकांचा विरोध आहे, शिवाय सुप्रीम कोर्टानेच शाळेत कुत्री नकोत असं सांगितलंय. प्रिन्सिपल मॅडम तोंडी म्हणाल्या, जमत नसेल तर स्पेशल स्कूल बघा. वकीलसाहेब, कायदा आमच्या बाजूने आहे का?
– एक आई, मनीषनगर, नागपूर

उत्तर : ताई, बराचसा आहे. पण तुम्ही समजताय त्या दाराने नाही.

आपल्या कायद्यात 'सर्व्हिस डॉग', म्हणजे दिव्यांग व्यक्तीच्या मदतीसाठी शिकवलेला कुत्रा, असा स्वतंत्र हक्कच नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ उघडून बघा, कुत्र्याबद्दल एक ओळ सापडणार नाही. म्हणून 'आमच्या कुत्रीला प्रवेश द्या' असा अर्ज केला की शाळेला 'प्राणी चालत नाहीत' म्हणून फाइल बंद करणं सोपं जातं. तुमच्या पहिल्या अर्जाचं नेमकं हेच झालं. हक्क शेरीचा नाही, मुलाचा आहे. अर्ज नव्याने लिहा आणि त्यात 'वाजवी सोय' मागा. तो शब्द कायद्यात आहे.

कलम २ मध्ये वाजवी सोयीची व्याख्या आहे. दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता यावेत म्हणून करायचा आवश्यक आणि योग्य तो बदल, मात्र त्याने समोरच्यावर अवाजवी बोजा पडता कामा नये. त्याच कलमात भेदभावाचीही व्याख्या आहे, आणि वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. कलम १६ शिक्षणसंस्थांबद्दल आहे : प्रवेशात भेदभाव नको, इमारत सुलभ हवी, आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय हवी. सरकारी अनुदान घेणाऱ्याच नव्हे, सरकारमान्य शाळाही यात येतात. त्यामुळे 'आम्ही खाजगी आहोत' हे उत्तर पुरत नाही. एक पळवाट मात्र आहे, ती आत्ताच सांगून ठेवतो. कलम १६ मध्ये सरकारने अशा सोयी व्हाव्यात यासाठी 'प्रयत्न करावा' अशी भाषा आहे, आणि शाळेचा वकील त्याच शब्दाला धरून बसेल. म्हणून अर्जात कलम १६ सोबत समानतेचं कलम ३ आणि भेदभावाची व्याख्या ही दोन्ही लिहा.

सुप्रीम कोर्टाने विकाश कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी या विषयावर सविस्तर लिहिलंय. तो उमेदवार हाताच्या त्रासामुळे लेखनिक मागत होता, तेव्हा कुत्र्याचा काही संबंध नव्हता. पण सोय प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे ठरते आणि ती त्या व्यक्तीशी बोलून ठरवायची असते, हे तत्त्व तुमच्या कामाचं आहे. मुलाला न बघता, प्रशिक्षकाला न विचारता पाठवलेल्या पत्रात ती चर्चा कुठेच दिसत नाही.

आता सुप्रीम कोर्टाच्या त्या आदेशाबद्दल. ७ नोव्हेंबर २०२५ चा तो आदेश शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं अशा ठिकाणच्या भटक्या कुत्र्यांबद्दल आहे : आवाराला कुंपण घाला, भटकी कुत्री हलवा, पुन्हा तिथेच सोडू नका. पट्ट्यात असलेली, लसीकरण झालेली, मालकाच्या ताब्यातली प्रशिक्षित कुत्री त्यात येत नाही. हे पत्र वाचून मला जरा हसू आलं. आपल्या वस्तीत रात्री स्कूटरमागे धावणारी टोळी आणि शेरी यांत फरक करायला वकील कशाला हवा! तरीही उत्तरात हा मुद्दा सभ्य भाषेतच खोडा.

इतर पालकांचा विरोध हे कायदेशीर कारण नाही. एखाद्या मुलाची ॲलर्जी मात्र खरी अडचण असू शकते, कारण त्या मुलाचाही हक्क आहे. त्यावर तुकडी बदलणं, बसण्याची जागा दूर ठेवणं हे मार्ग तुम्हीच सुचवा.

अमेरिकेत यावर स्पष्ट नियम आहेत. तिथल्या दिव्यांगांविषयीच्या एडीए कायद्याप्रमाणे संस्थेचे कर्मचारी अशा कुत्र्याबाबत दोनच प्रश्न विचारू शकतात : दिव्यांगत्वामुळे याची गरज आहे का, आणि याला कोणतं काम शिकवलंय? नुसता सोबतीने बरं वाटणारा कुत्रा तिथेही सर्व्हिस ॲनिमल ठरत नाही. मिशिगनमधला फ्राय विरुद्ध नेपोलियन कम्युनिटी स्कूल्स हा खटला २०१७ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीच्या 'वंडर' नावाच्या कुत्र्याला शाळेने नकार दिला होता. कारण काय, तर तिला माणूस मदतनीस दिलाय, कुत्रा कशाला! पुढे चाचणी म्हणून त्याला आत घेतलं, पण वर्गाच्या मागच्या बाजूला बसवलं आणि बरीचशी कामं करूच दिली नाहीत. कोर्टाने तेव्हा मुख्यतः कोर्टात येण्याआधी शिक्षणविषयक तक्रारप्रक्रिया पूर्ण करावी लागते का, एवढाच प्रश्न सोडवला. तो निकाल नागपुरात कोणावर बांधील नाही. पण तुमची शाळाही 'चाचणी घेऊन बघू' म्हणू शकते, आणि तेव्हा शेरी मुलाच्या पायाशी बसेल, पट्टा त्याच्या कमरेला असेल, हे आधी लिहून घ्या. नाहीतर चाचणीचा निकाल आधीच ठरलेला असतो.

तुमच्या केसमधलं खरं बळ 'कोणतं काम' या प्रश्नाच्या उत्तरात आहे. शेरी दोन ठरावीक कामं करते आणि तुम्ही ती दोन्ही मला सांगितलीत, म्हणून मला ही केस बरी वाटते. प्रशिक्षकाकडून ती लेखी घ्या. मुलावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून किंवा थेरपिस्टकडून घ्या की ही कामं मुलाच्या शिकण्याशी जोडलेली आहेत. ट्यूशनच्या बाईंना रोज दोन ओळींची नोंद ठेवायला सांगा : शेरी होती की नव्हती, आणि मुलगा किती वेळ बसला. नुसतं 'तो तिच्यावर खूप प्रेम करतो' हे खरं असलं तरी कोर्टात त्याचा काही उपयोग नाही. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून आरोग्य आणि रेबीज लसीकरणाचं प्रमाणपत्र घ्या. महापालिकेकडे नोंद नसेल तर ती आजच करा.

'अवाजवी बोजा' हा शाळेचा सगळ्यात जोरदार मुद्दा असेल : कुत्रीला सांभाळणार कोण? चौथीतला मुलगा तिला एकट्याने सांभाळू शकत नाही आणि वर्गशिक्षिकेने ते का करावं? याचं उत्तर अर्जातच हवं. मधल्या सुट्टीत तिला बाहेर नेणारी व्यक्ती तुम्ही द्याल, खर्च तुमचा, आणि ती भुंकली किंवा अंगावर गेली तर घरी न्यायची तयारीही तुमची. उन्हाचाही विचार करा. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि पाऊस लांबला तर तेव्हाही वर्ग तापलेले असतात. पाणी, पंख्याखालची जागा, तापलेल्या फरशीवर न चालवणं हे सगळं लिहा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा तुम्हालाही लागू आहे, आणि शाळेने तो तुमच्यावरच उलटवायला नको.

स्पेशल स्कूलच्या सूचनेला लेखी उत्तर द्या. मूल सर्वसाधारण शाळेत शिकतंय, त्याला तिथून बाहेर काढायला सोय न देणं हे निमित्त होऊ शकत नाही. त्याच पत्रात शाळेत विशेष शिक्षक किती आहेत, तेही विचारा. रजनीश कुमार पांडे प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये दिलेल्या निर्देशांनंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला पंधरामागे एक विशेष शिक्षक हवा असं ठरवलंय. बहुतेक शाळा या प्रश्नावर गडबडतात.

अर्ज पोहोच घेऊन द्या आणि पंधरा दिवसांची मुदत लिहा. उत्तर आलं नाही किंवा पुन्हा तसाच नकार आला तर एक तक्रार जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि एक पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करा. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्यासारखे दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत. त्यांनी एखाद्या प्राधिकरणाला शिफारस केली तर त्याने तीन महिन्यांत केलेली कार्यवाही कळवावी लागते, नाहीतर न मानण्याची कारणं द्यावी लागतात. कलम ८९ मध्ये पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड आहे. पण पहिल्याच पत्रात दंडाची धमकी देऊ नका. मूल उद्या त्याच वर्गात बसणार आहे.

यातही काही झालं नाही तर सिव्हिल लाइन्सला, नागपूर खंडपीठात रिट याचिका करता येते. एकट्या खाजगी शाळेविरुद्ध याचिका केली तर ती चालते का यावरच पहिल्या तारखा जातील, म्हणून शिक्षणाधिकारी आणि सीबीएसई यांनाही प्रतिवादी करा. वकिलाच्या फीची काळजी असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्री, मूल आणि दिव्यांग व्यक्ती या तिघांनाही उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात मुलाच्या नावाने अर्ज करा आणि सोबत दिव्यांगत्व प्रमाणपत्र व शाळेच्या पत्राची प्रत जोडा.