पुण्यातल्या बोअरवेलचं पाणी वर्षानुवर्षं बिघडत चाललंय का?

तुम्ही विचारलंय: दहा वर्षांपूर्वी बावधनच्या सोसायटीतल्या बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) ४५० होता, आता ६२० येतो, तर पाणी बिघडलं का आणि उकळून प्यायलं तर चालेल का?

बिघडलं असेल, पण ते टीडीएसवरून कळणार नाही. मी पाणी तपासणीच्या कामात आहे. सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये सगळा वाद टीडीएस आणि गीझरच्या कॉइलवर चढणाऱ्या पांढऱ्या थरावरच चालतो. तो थर मुख्यतः कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचा. पुण्याखाली काळा पाषाण आहे, त्यातून आलेलं पाणी जड असायचंच. ती खडकाची देणगी, आजची नाही.

मला काळजी वाटते ती नायट्रेटची. ते येतं आपल्याच सेप्टिक टँकमधून, फुटक्या ड्रेनेजमधून, सांडपाणी वाहून नेणाऱ्या ओढ्यांतून. आपल्याकडे वर थोडा मुरूम आणि खाली भेगांचा खडक. पाणी त्या भेगांतच साठतं, वाळूसारखी जाड गाळणी मध्ये नाही. म्हणून वरची घाण लवकर खाली पोचते. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पालिकेत आली, पण कित्येक ठिकाणी इमारती आधी उभ्या राहिल्या आणि ड्रेनेज मागून आलं.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची मर्यादा ५०० आहे, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं. नायट्रेटला मात्र लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर अजिबात सवलत नाही. उकळून जंतू मरतात; नायट्रेट तसंच राहतं, उलट पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण किंचित वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरच्या दुधात असं पाणी देऊच नका, त्याच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होते. आणि जंतूही हलक्यात घेऊ नका. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता भागात जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा काही जणांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि संशय पाण्यावरच गेला.

दरवर्षी मे आणि ऑक्टोबरमध्ये, त्याच बोअरचं पाणी तपासा. नमुना टाकीतून नको, बोअरच्या तोंडाशी घ्या. तोटी स्पिरिटने पुसा, पाणी पाच मिनिटं वाहू द्या, लॅबने दिलेल्या निर्जंतुक बाटलीत भरा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. नायट्रेट, क्लोराइड आणि कोलिफॉर्म (मैला मिसळल्याचा इशारा देणारे जंतू) या तिन्ही तपासण्या मागा. नायट्रेट आणि क्लोराइड जोडीने चढत असतील तर सांडपाणी मुरतंय असं समजा. कमिटी बदलली की जुने रिपोर्ट रद्दीत जातात याचा मला फार राग येतो. वर्षांचा फरक तेच तर दाखवतात!

"आणखी खोल मारू" हा उपाय बोअरवाले हमखास सुचवतात. केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागातला पाइप, मुरुमातून खालच्या पक्क्या खडकात नीट बसवलं नसेल, तर वरचं पाणी तीनशे फुटी बोअरमध्येही कडेने उतरतं. आधी केसिंग तपासून घ्या. रिपोर्ट येईपर्यंत पिण्यासाठी पालिकेचंच पाणी वापरा, बोअरचं बागेला आणि फ्लशला.