पीटर गेब्रिएलचे सगळे व्हिडिओ यूट्यूबवर असताना 'प्ले' ही जुनी डीव्हीडी विकत घ्यावी का?

घ्या. किंमत आवाक्यातली असेल तर फार घासाघीसही करू नका.

तुम्ही लिहिलंय की जुन्या सीडी-डीव्हीडी विकणाऱ्या एकाकडे ब्रिटिश गायक पीटर गेब्रिएलच्या व्हिडिओंचा संग्रह 'प्ले : द व्हिडिओज' दिसला, घरी होम थिएटर अजून चालू आहे, गेब्रिएलचं 'स्लेजहॅमर' तेवढं पाहिलंय, आणि बाकी सगळं फुकट दिसत असताना पैसे का घालायचे हे कळत नाही. यातलं होम थिएटर हेच माझ्या 'घ्या'मागचं पहिलं कारण.

चित्रासाठी घेत असाल तर नका घेऊ. डीव्हीडीवर पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत चित्राच्या ५७६ ओळी मावतात, एनटीएससी या अमेरिकी पद्धतीत ४८०. आजच्या मोठ्या टीव्हीवर ते चित्र मऊ दिसणारच. पण २००४ मध्ये हा संग्रह काढताना गेब्रिएलने जुने व्हिडिओ नुसते एका चकतीवर भरले नाहीत. डॅनिएल लान्वा आणि रिचर्ड चॅपेल यांच्याकडून गाण्यांचं ५.१ सराउंडसाठी (चहूबाजूंचे पाच स्पीकर आणि खर्जाचा एक) नव्याने मिक्सिंग करून घेतलं. लान्वा हा 'सो' आणि 'अस' या गेब्रिएलच्या दोन मोठ्या अल्बमचा सहनिर्माता. म्हणजे यातली बरीच गाणी घडली तेव्हा जो खोलीत होता त्यानेच ती पुन्हा उकलली. यूट्यूबवर ऐकू येतं ते स्टिरिओ, दोन स्पीकरांपुरतं.

फरक कुठे जाणवतो ते सांगतो. 'मर्सी स्ट्रीट'मध्ये गेब्रिएल स्वतःच्याच आवाजाला खालच्या सप्तकातून साथ देतो. मोबाइलवर तो खर्ज जवळजवळ हरवतो. चांगल्या स्पीकरवर तो जमिनीलगत ऐकू येतो आणि गाण्याचा अर्थच गडद होतो. 'बिग टाइम'चा बेस असाच. त्यात बेसवादक टोनी लेव्हिन डाव्या हाताने सूर दाबतो आणि ड्रमवादक जेरी मरोटा त्याच तारांवर ड्रमच्या काठ्या मारतो. त्या प्रयोगातूनच पुढे लेव्हिनने बोटांना अडकवायच्या छोट्या काठ्या करून घेतल्या आणि तो एकटाच तसं वाजवायला लागला. हा ठोका छातीत बसायला हवा, कानात नुसता वाजून उपयोग नाही.

आता दुसरं कारण, आणि माझ्यासाठी तेच जास्त मोठं आहे. हे २३ व्हिडिओ एका बैठकीत, निदान एका आठवड्यात पाहिले की एका माणसाचा स्वतःच्या चेहऱ्याशी चाललेला झगडा दिसतो. सुटे सुटे पाहिले तर तो दिसत नाही.

जेनेसिस या बँडमध्ये असताना हा माणूस मुखवट्यांमागे गायचा. १९७२ मध्ये डब्लिनच्या कार्यक्रमात तो बायकोचा लाल झगा आणि कोल्ह्याचं मुंडकं घालून मंचावर आला, तेव्हा बरोबरच्या वादकांनाही त्याची कल्पना नव्हती. पुढे फुलाचा मुखवटा आला, म्हाताऱ्याचा आला. १९७५ मध्ये बँड सोडल्यावर त्याने जे पहिले चार अल्बम काढले त्या सगळ्यांचं नाव एकच, 'पीटर गेब्रिएल'. (अमेरिकेत चौथ्याला वेगळं नाव दिलं गेलं.) नाव ठळक, पण चेहरा कुठल्याच मुखपृष्ठावर धड नाही. पहिल्यावर तो पावसाच्या थेंबांनी भरलेल्या गाडीच्या काचेआड आहे. दुसऱ्यावर स्वतःच्याच फोटोवर नखांनी ओरखडे काढतोय. तिसऱ्यावर पोलरॉइड फोटो ओला असतानाच चोळून अर्धा चेहरा मेणासारखा वितळवलाय. १९८६ च्या 'सो'वर पहिल्यांदा साधा, स्वच्छ, सरळ बघणारा चेहरा आला. आणि त्याच वर्षी 'स्लेजहॅमर'च्या व्हिडिओत त्याच चेहऱ्यावर काय काय केलं गेलं ते तुम्ही पाहिलंच आहे.

पाहिलंय, पण पुन्हा बघा. यावेळी हातांचं काम म्हणून बघा. दिग्दर्शक स्टीफन आर. जॉन्सन, अॅनिमेशन ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओचं, शिवाय ब्रदर्स क्वे ही बाहुल्यांचे गूढ चित्रपट करणारी जुळ्या भावांची जोडी. संगणकाचं त्यात काही नाही. एकेक फोटो काढायचा, वस्तू किंचित हलवायची, पुन्हा फोटो काढायचा. सेकंदाला चोवीस-पंचवीस चित्रं लागतात, आणि मधे बाहुली नाही, जिवंत माणूस आहे. मोठ्या काचेखाली गेब्रिएल सोळा तास पडून होता आणि वर काचेवर फळं, भाज्या, मासे सरकवले जात होते. डोक्याभोवती खेळण्यातली आगगाडी फिरते तेव्हा त्याच्या डोळ्यांकडे लक्ष द्या. दोन चित्रांच्या मधे माणूस श्वास घेतो, मान कणभर ढळते, म्हणून सगळा चेहरा थरथरत राहतो. तो थरथराट कुठल्याही सॉफ्टवेअरने गुळगुळीत करू नये असं मला मनापासून वाटतं. गाण्यातली अंगात भिनणारी मस्ती त्यातूनच येते.

नाचणाऱ्या कोंबड्या निक पार्कच्या. हाच पुढे 'वॉलेस अँड ग्रोमिट'चा जनक. त्या कोंबड्या खऱ्या होत्या, सोललेल्या, दुकानात भाजायला तयार मिळतात तशा. प्रखर दिव्यांखाली तासन्‌तास ठेवल्यावर त्यांचा वास किती सुटला असेल ते सांगायला नको. १९८७ च्या एमटीव्ही पुरस्कारांत या एका व्हिडिओने नऊ बक्षिसं घेतली. एका व्हिडिओला एवढी बक्षिसं त्यानंतर कोणालाच मिळालेली नाहीत.

आपल्याकडे मात्र बहुतेकांची ओळख उलट क्रमाने झाली. स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही १९९१ मध्ये भारतात केबलवर आला, त्यामुळे माझ्या पिढीने 'स्लेजहॅमर'च्या आधी १९९३ चा 'स्टीम' पाहिला. दिग्दर्शक तोच जॉन्सन, पण हाताच्या जागी संगणक आलेला. ग्रॅमी मिळालं त्याला. या संग्रहात दोन्ही असल्यामुळे ते पाठोपाठ लावून बघता येतात. मी तसं करतो तेव्हा 'स्टीम' मला झगमगीत पण थकलेला वाटतो. 'किस दॅट फ्रॉग'चंही तेच. त्या काळी ते चमत्कार होते, आता त्यांचं वय दिसतं, आणि मातीच्या, फळांच्या, कोंबड्यांच्या जुन्या व्हिडिओला मात्र काही झालेलं नाही.

'अस'मधला खरा कळस 'डिगिंग इन द डर्ट'. हे गाणं नातं तुटल्यावर स्वतःच्या आतला राग उकरून बघणाऱ्या माणसाचं आहे. त्यासाठी गेब्रिएलने दिग्दर्शक निवडला जॉन डाउनर, जो मुळात प्राण्यांवरचे माहितीपट करणारा. म्हणून इथे माणसाकडेही प्राण्यांकडे बघावं तसं बघितलंय. अंगावर गोगलगायी चढतात, जमिनीत गाडलेल्या देहावर गवत उगवतं, झाडं-कीटक आपापल्या गतीने काम करत राहतात. आणि मधेच गाडीतलं भांडण येतं, ज्यात गेब्रिएल इतका ओंगळ दिसतो की मान वळवावीशी वाटते. एखाद्या प्रसिद्ध गायकाने स्वतःला असं दाखवू द्यावं याचं मला आजही अप्रूप आहे. एकट्याने बघा. लहान मुलं आजूबाजूला असतील तर दुसऱ्या वेळी बघा.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला 'डोन्ट गिव्ह अप'. केविन गॉडली आणि लोल क्रीम या जोडीने केलेला हा व्हिडिओ सहा मिनिटांहून मोठा आहे, आणि त्यात घडतं एवढंच की गेब्रिएल आणि गायिका केट बुश एकमेकांना मिठी मारून उभे आहेत. मागे सूर्याला ग्रहण लागतंय आणि सुटतंय. दोघं सावकाश वळत राहतात, गाणाऱ्याचा चेहरा आपल्याकडे येतो, ऐकणाऱ्याचा पाठमोरा होतो. गाणं काम गमावलेल्या माणसाचं. अमेरिकेतल्या मंदीच्या काळात डोरोथिया लँगने काढलेले फोटो आणि थॅचरच्या काळातली ब्रिटनमधली बेकारी, या दोन्हींतून ते आलं. दुसऱ्या कोणी बंद गिरण्या दाखवल्या असत्या, रांगा दाखवल्या असत्या. इथे ते काहीच नाही. गिरणी संपानंतरची मुंबई ज्यांनी घरात सोसली त्यांना यातल्या पुरुषाचं बोलणं कोणी समजावून सांगायला लागणार नाही.

'शॉक द मंकी' जरूर बघा, १९८२ चा. सुटाबुटातला कचेरीतला माणूस आणि तोंडाला पांढरा रंग फासलेला मांत्रिक, दोन्ही तोच. 'द बॅरी विल्यम्स शो' अभिनेता शॉन पेनने दिग्दर्शित केलाय, पण तो माझ्या मनात कधी रुजला नाही. बाकी काही व्हिडिओ एकदा बघून सोडून देण्यासारखे आहेत.

'बिको'वर मात्र थांबा. दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेदविरोधी कार्यकर्ता स्टीव्ह बिको १२ सप्टेंबर १९७७ रोजी पोलिसांच्या कोठडीत मेला. गेब्रिएलचं गाणं १९८० चं. व्हिडिओ नंतरचा, लोल क्रीमचाच, आणि त्यात दिग्दर्शक रिचर्ड अटेनबरोंच्या 'क्राय फ्रीडम' या बिकोवरच्या चित्रपटातली दृश्यं आहेत. हे गाणं गेब्रिएलने नुसतं गाऊन सोडलं नाही. १९८८ मध्ये अॅम्नेस्टी या मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या जगभरच्या दौऱ्यात तो होता. स्प्रिंगस्टीन, स्टिंग, ट्रेसी चॅपमन, युसू एन्दूर यांच्याबरोबर दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवरही ३० सप्टेंबरला गायला. त्या दौऱ्यात तो हातातला छोटा कॅमेरा घेऊन फिरत होता आणि छळ सोसलेल्या माणसांचे अनुभव चित्रित करत होता. यातूनच १९९२ मध्ये 'विटनेस' ही संस्था उभी राहिली. अत्याचार पाहणाऱ्याच्या हातात कॅमेरा द्यायचा आणि तो कसा वापरायचा हे शिकवायचं, हे तिचं काम. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, तेव्हा तो मिळवून द्यावा लागत होता. स्वतःचा चेहरा माती, फळं, बर्फ यांच्याखाली घालणाऱ्या माणसाने दुसऱ्यांचे चेहरे मात्र जसेच्या तसे जगापुढे यावेत म्हणून एवढी खटपट केली, आणि माझ्या लेखी त्याच्या दृश्यकलेची ही दुसरी बाजू 'स्लेजहॅमर'इतकीच मोलाची आहे.

चकतीवर व्हिडिओ कालक्रमाने लावलेले नाहीत. सुरुवातच 'फादर, सन'ने होते, वडिलांवरच्या शांत गाण्याने. गेब्रिएल म्हाताऱ्या वडिलांना घेऊन योगासनं शिकायला गेला होता, तिथल्या जवळिकीतून हे गाणं आलं. मी सुचवेन की पहिल्या खेपेला हे मागे ठेवा आणि 'गेम्स विदाउट फ्रंटियर्स', 'शॉक द मंकी', 'स्लेजहॅमर', 'डोन्ट गिव्ह अप', 'डिगिंग इन द डर्ट' असे चढत या. मग 'फादर, सन' लावा. मुखवटे उतरवत आलेला माणूस शेवटी वडिलांचा मुलगा म्हणून समोर येतो, तो प्रवास या क्रमाने नीट कळतो.

घेताना काय बघायचं ते सांगतो. पाठीवर रीजनचा, म्हणजे चकती कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याचा, आकडा बघा. भारत रीजन ५ मध्ये येतो. पृथ्वीच्या गोळ्याच्या चिन्हावर ० किंवा 'ऑल' असेल तर कुठल्याही प्लेअरवर चालेल. चकती उजेडात तिरकी धरा. मधून कडेकडे जाणारे बारीक ओरखडे बहुधा त्रास देत नाहीत, गोल फिरत जाणारा खोल ओरखडा मात्र एखाद्या गाण्याला अडकवतो. विक्रेत्याकडे गेब्रिएलच्याच व्हिडिओंची १९८७ ची 'सीव्ही' ही व्हीएचएस कॅसेटही असेल तर ती हौस म्हणूनच घ्या. आपल्या पावसाळी हवेत टेपला बुरशी धरते आणि बुरशीची टेप घातली की प्लेअरचं हेडही खराब होतं.

घरी आणल्यावर जोडणी आधी तपासा. या चकतीवर डॉल्बी आणि डीटीएस अशा सराउंड आवाजाच्या दोन्ही पद्धतींचे ट्रॅक आहेत. बरेच टीव्ही डीटीएस उलगडत नाहीत, त्यामुळे टीव्हीतून आवाज काढलात तर काहीच ऐकू न येण्याची शक्यता आहे. प्लेअरची ऑप्टिकल किंवा कोअॅक्शियल वायर थेट अॅम्प्लिफायरला जोडा, प्लेअरच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'बिटस्ट्रीम'वर ठेवा आणि डिस्कच्या मेनूत जाऊन डीटीएस निवडा. अॅम्प्लिफायरवर डीटीएसचा दिवा लागला की जोडणी बरोबर आहे. मागचे स्पीकर बसण्याच्या जागेच्या किंचित मागे आणि कानांच्या थोडे वर असू द्या, भिंतीला चिकटवू नका. जोडताना अडलात तर अॅम्प्लिफायरचं मॉडेल खाली कळवा, मी बघून सांगतो.