संस्थानिकांकडे रोल्स-रॉइस सोडून, खास बॉडी बांधून घेतलेली एखादी दुर्मिळ गाडी होती का? तिचा इतिहास काय? ती आज भारतात बघायला मिळेल का?

होती. माझं उत्तर ठरलेलं आहे: इंदूरच्या यशवंतराव होळकरांची (दुसरे) डुझेनबर्ग एसजे. माझं आजोळ इंदूरचं, त्यामुळे थोडा पक्षपात गृहीत धरा.

आधी ‘खास बॉडी’ म्हणजे काय ते. हायवेवर नव्या ट्रकची नुसती चासी (बॉडीविना चाकं-इंजिनाचा सांगाडा) चालवत नेणारा, तोंडाला फडकं बांधलेला ड्रायव्हर पाहिला असेल ना? तेव्हा श्रीमंतांच्या मोटारींचंही तसंच चाले. डुझेनबर्ग कंपनी अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची. ती इंजिन आणि चासी विकायची, बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून घडवून घ्यायची. 1928 च्या अखेरीस आलेल्या मॉडेल जे ची नुसती चासीच साडेआठ हजार डॉलरला होती. अशा सगळ्या मिळून 480 च्या आसपासच बनल्या.

इंजिन मात्र काळाच्या फार पुढचं. एका रांगेत आठ सिलिंडर, 6.9 लिटर, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. वर सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप) बसवला की ती एसजे. कंपनीचा दावा 320 अश्वशक्तीचा. तेल बदलायची किंवा बॅटरीत पाणी घालायची वेळ झाली की डॅशबोर्डवर दिवा लागायचा. हे 1930 च्या आसपास!

होळकरांनी बॉडीचं काम दिलं लंडनच्या गर्नी नटिंगला. वेगाचे विक्रम करणाऱ्या माल्कम कॅम्पबेलच्या ‘ब्लूबर्ड’ मोटारीची बॉडी बनवणारे तेच. 1930 च्या दशकाच्या मध्यात गाडी तयार झाली: केशरी-काळी, लांबलचक नाक, मागे उतरत गेलेली शेपटी. आता खरी गंमत. त्यांनी चासी निवडली ती लांबातली, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत 153.5 इंच, म्हणजे जवळजवळ 3.9 मीटर. जुनी मारुती 800 बंपरसकट मोजली तरी त्याहून आखूड भरते. एवढ्या चासीवर लोक सात माणसांची लिमोझिन बांधायचे. महाराजांनी बांधली दोन माणसांची उघडी स्पीडस्टर. याला उधळपट्टी म्हणा हवं तर, पण नजर होती त्या माणसाकडे. ऑक्सफर्डला शिकलेला, पत्नी संयोगिताराजे कागलच्या. दोघांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग राजवाडा करून घेतला. ना घुमट, ना कमानी. सगळं सरळ रेषेतलं, आणि आधुनिक शिल्पकार ब्रांकुशीची शिल्पं विकत घेतलेली. त्या घराच्या दारात सोन्याचा मुलामा दिलेली रोल्स शोभलीच नसती.

 

डुझेनबर्ग कंपनी 1937 मध्ये बंद पडली. संयोगिताराजेही त्याच वर्षी गेल्या.

भारतात बघायला मिळेल का? नाही. गाडी पुढे अमेरिकेत संग्राहकांच्या हाती गेली. माणिकबागेतलं बरंच फर्निचर 1980 साली मोंटे कार्लोच्या लिलावात विकलं गेलं. राजवाडा तेवढा इंदूरला आहे, तिथे केंद्र सरकारच्या कर खात्याचं ऑफिस आहे. मामाबरोबर मी तो फाटकाबाहेरूनच पाहिलाय.